शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा: आधी कुरण की आधी खोगीर?

चौखूर
शर्यतीचा घोडा निवृत्त झाला की सल्ला ठरलेला असतो. 'तीन-चार महिने कुरणात सोडा, डोकं शांत होऊ दे, मग बघू.' हे इतक्यांदा ऐकू येतं की त्यामागचं कारण कुणी विचारतच नाही. माझं मत उलट आहे. हा घोडा काही कोरा नसतो. रोज पहाटे खोगीर चढवून घेतो, नाल ठोकून घेतो, गाडीत चढतो, गर्दीतून चालतो, अंगावर पाणी मारताना उभा राहतो. अशा घड्याळावर वाढलेल्या जनावराला एकदम मोकळं सोडलं की वेळापत्रक तुटतं, पाठीपुठ्ठ्याचे स्नायू उतरतात आणि चार महिन्यांनी हाती येतो तो अशक्त आणि आधीपेक्षा जास्त बिथरणारा घोडा.

समजा पाच वर्षांचा खच्ची घोडा आहे, वजन साधारण ४८० किलो, लंगडत नाही, शेवटच्या शर्यतीला तीन आठवडे झालेत. पुढचं काम म्हणजे रोजची रपेट, थोडं ड्रेसाज (रिंगणात ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून दाखवणं), जमलं तर ८०-९० सेंमीच्या उड्या. आधी विश्रांती की आधी काम? आणि कुठल्या क्रमाने? आपापल्या घोड्यांच्या कहाण्या नकोत, त्यांच्यासाठी वेगळा धागा आहेच. क्रम, मापं आणि कारणं हवीत.

खरारा
वाचतोय. वाचनखूण साठवली.

डॉ_तबेला
'लंगडत नाही' हे कुणी ठरवलं, तिथून सुरुवात करा.

मऊ जमिनीवर सरळ दुडकी चाल बघून काही कळत नाही. कडक जमिनीवर सरळ, मग दोन्ही हातांवर (एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे) गोल, मग प्रत्येक पायाचा सांधा मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडकी, एवढं किमान हवं. त्यानंतर पुढचा पाय उचलून, गुडघा वाकवून, नळीमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बोटांत धरून वरपासून खालपर्यंत चाचपायची. कुठे जाड, गरम किंवा दाबल्यावर पाय खेचतो असं वाटलं तर सोनोग्राफी. शीर फाटलेली निघाली तर या धाग्यातला बाकी सगळा क्रम बाजूला ठेवा. तिथे ९ ते १२ महिने आखीव चालणं, टप्प्याटप्प्याने दुडकी आणि मध्ये मध्ये सोनोग्राफी. 'कुरणात सोडलं की बरा होतो' हे त्या घोड्याला लागू नाही, कारण मोकळा घोडा पहिल्याच दिवशी उधळतो आणि अर्धवट भरलेली शीर पुन्हा फाटते.

आधीच्या तबेल्याकडून औषधांची नोंद मागा. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेलं असेल तर काही आठवडे ते काही महिने दुखणं झाकलेलं राहतं. मग नव्या कामाच्या ऐन मध्यात घोडा लंगडतो आणि खापर स्वारावर फुटतं. पुढचे गुडघे आणि मुठीचे सांधे (नळी आणि खुराच्या मधले) यांचे एक्स-रे काढून ठेवले तर निदान आज काय आहे ते कागदावर राहतं. कँटरला (दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल) श्वास आत घेताना शिट्टी किंवा घरघर ऐकू आली तर स्वरयंत्र दुर्बिणीने बघा. बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या मज्जातंतूचा प्रश्न निघतो. साध्या रपेटीला तो आड येईलच असं नाही, क्रॉसकंट्रीला (माळरानावरची लांब अडथळ्यांची दौड) येतो.

आता पोट. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, खाणं असो वा नसो. शर्यतीच्या तबेल्यात चंदी (दाणा) जास्त, वैरण कमी, मध्ये तासन्‌तास उपास आणि वर वेगाचं काम. त्यामुळे जठराच्या वरच्या भागात व्रण असणं हा अपवाद नसून जवळजवळ नियम आहे. तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना चावतो, पोटऱ्या लावल्या की शेपूट आपटतो, चंदी अर्धी सोडतो, ही 'स्वभावाची' म्हणून सांगितलेली लक्षणं बऱ्याचदा इथली असतात. दुर्बिणीने खात्री झाली की ओमेप्राझोल, साधारणपणे दर किलो वजनामागे ४ मिग्रॅ, दिवसातून एकदा, २८ दिवस. रात्रीनंतर, पोट रिकामं असताना द्यायचं आणि अर्ध्या-एक तासाने वैरण. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

अडेलतट्टू
घोड्याआधी स्वाराला तीन महिने कुरणात सोडावं असं माझं नम्र मत. हलकं घ्या.

चंदी_वैरण
डॉक्टरांनी पोटाचं सांगितलंच आहे, मी आकडे देतो.

शर्यतीचा घोडा रोज ५ ते ७ किलो चंदी खात असतो. ती एका दिवसात बंद करायची नाही आणि तशीच चालूही ठेवायची नाही. दर दोन दिवसांनी अर्धा-पाऊण किलो कमी करत दोन आठवड्यांत खाली आणा. आतड्यातले जीवाणू बदलायला तेवढा वेळ लागतो, घाई केली तर पोटशूळ. वैरण शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४८० किलोच्या घोड्याला ७ ते साडेनऊ किलो सुकं गवत, जाळीत भरून दिवसभर पुरेल असं. चार-पाच तासांपेक्षा जास्त पोट रिकामं राहू नये.

एका वेळच्या चंदीत दर किलो वजनामागे १ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नको. ओटमध्ये साधारण ४० टक्के स्टार्च धरला तर या घोड्याला एका वेळी १.२ किलोवर ओट द्यायचेच नाहीत. व्रण असतील तर त्याहून कमी. बरगड्या दिसल्या की लोक हमखास चंदी वाढवतात, घोडा पेटतो, मग म्हणतात शर्यतीचं रक्त आहे! बरगड्या भरायला भिजवलेला बीटचा चोथा, लसूणघास आणि तेल. तेल ५० मिलिपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत २५०-३०० मिलिपर्यंत न्या, सोबत ई जीवनसत्त्व. रोज २५-३० ग्रॅम मीठ. खोगीर चढवायच्या अर्धा तास आधी घमेलंभर लसूणघास दिला तर त्यातलं कॅल्शियम आम्लाला आवर घालतं आणि पळताना आम्ल वरच्या भागात उसळणंही कमी होतं.

अंग भरलं की नाही हे डोळ्यांच्या भरवशावर सोडू नका. हेनेकी यांची १९८३ सालची १ ते ९ ची मोजपट्टी आहे: मान, उभार (मानेमागचा, खांद्यांवरचा उंचवटा), खांद्यामागची जागा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचं मूळ हातांनी चाचपून गुण द्यायचे. शर्यतीतून आलेला घोडा बहुधा ४ च्या आसपास असतो, ५ वर आणायचा. त्याआधी दात आणि शेणातली जंताची अंडी तपासून घ्या, नाहीतर तेल-चोथा जंतांच्या पोटात.

चौखूर
हे छान, पण यात विश्रांती कुठे आली? हे सगळं काम चालू ठेवूनही करता येतं.

मांड_पक्की
चौखूर, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मान्य. घोडा शिकलेला आहे. अडचण अशी की तो जे शिकलाय ते तुम्हाला हव्या त्याच्या नेमकं उलट आहे, आणि खुणा मात्र त्याच आहेत.

पहिली खूण लगामाची. जॉकी दोन्ही लगाम मानेवर एकमेकांवर धरून पूल करतो आणि घोडा त्यावर रेलून तोल सांभाळतो. हात घट्ट म्हणजे 'टेक घे आणि पळ'. आता नव्या स्वाराने घाबरून दोन्ही लगाम ओढले की घोड्याला ओळखीची आज्ञा मिळते. तो आणखी रेलतो, आणखी पळतो. स्वार आणखी ओढतो. याला 'सुटला' म्हणतात, खरं तर तो आज्ञाच पाळत असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन्ही हातांनी सतत ओढणं बंद. एक लगाम घ्यायचा, सोडायचा, मोठं वर्तुळ करायचं, श्वास सोडून बैठक जड करायची, आणि आवाजाची एक खूण ठरवून घ्यायची. ही खूण पायी चालतानाच पक्की होते. हॉल्टरवर चालत असताना 'होऽ' म्हणायचं, स्वतः थांबायचं, तो थांबला की दोरी ताबडतोब सैल. रोज दहा मिनिटं केलं तर खोगिरावर बसल्यावर तोच आवाज उपयोगी पडतो.

दुसरी खूण बैठकीची. जॉकी पाठीवर बसत नाही, पाठीच्या वर उभा असतो. खाली लोंबणारे लांब पाय आणि कण्यावर टेकलेलं वजन या घोड्याने फारसं अनुभवलेलंच नसतं. रोजच्या सरावाला स्वार थोडा बसतो, पण तेही आखूड रिकिबीत. पहिल्या दिवसापासून ड्रेसाजच्या लांब रिकिबी घालून धप्पकन बसलात तर पाठ पोकळ होते किंवा घोडा पुढे उडी घेतो. पहिले दोन-तीन आठवडे हलकं, अर्धवट उठून बसा. दर तीन-चार रपेटींनी रिकीब एकेक भोक लांब करा. पोटरी हळूच टेकवून तिथेच ठेवा, कारण नसताना उचलू नका. पोटरी दूर धरून अचानक लावली की ती टाचच वाटते. पायाला बाजूला सरकायचं आधी जमिनीवरूनच शिकवा: तंगामागे, पोटरी जिथे येईल तिथे, बोटांनी दाबायचं, एक पाऊल बाजूला पडलं की दाब काढायचा.

तिसरी, चढण्याची. जॉकीला चालत्या घोड्यावर कुणीतरी पाय धरून उचलून बसवतो. ठोकळ्यावरून चढणं आणि चढेपर्यंत घोड्याने उभं राहणं हा त्याच्यासाठी नवाच विषय. ठोकळा आधी नुसता वाटेत ठेवून त्याच्या बाजूने न्या. मग शेजारी दहा सेकंद उभा. मग ठोकळ्यावर उभं राहून खोगिरावर थोपटा, रिकिबी हलवा. मग रिकिबीत पाय, वजन नाही. मग पोटावर आडवं वजन. मग बसणं, आणि बसल्यावर निदान दहा आकडे मोजेपर्यंत एक पाऊलही नाही. प्रत्येक पायरी कंटाळवाणी झाल्याशिवाय पुढची घेऊ नका. हलला की रागवायचं नाही, गोल फिरवून पुन्हा तिथेच आणायचं.

आणि चौथी, जी खूण म्हणून कुणी धरतच नाही: मागून येणारा दुसरा घोडा. तो शेजारी आला की याला पळायचंच असतं, तेच आयुष्यभर शिकवलंय. म्हणून गटात नेण्याआधी एका शांत घोड्याबरोबर फक्त चालीत (म्हणजे साधं पावलापावलाने चालत), कधी पुढे, कधी मागे, कधी शेजारी, अशी अदलाबदल बरेच दिवस. चालीत कंटाळा आला की दुडकीत तेच.

दुडकी
मांड_पक्की, दंडवत! प्रश्न: मार्टिंगेल (डोकं फार वर जाऊ न देणारा पट्टा), ड्रॉ रेन (नाक खाली ओढणारा जादा लगाम), जाड-पातळ बिट (तोंडातली कडी) यांचं काय? डोकं आभाळात नेतो म्हणून बरेच जण ड्रॉ रेन लावतात.

मांड_पक्की
डोकं वर जातं ते पाठ दुखते म्हणून, दात टोचतात म्हणून किंवा तोल नाही म्हणून. ड्रॉ रेनने नाक खाली बांधता येतं, पण खांद्यावर रेलायची सवय आणखी पक्की होते, आणि नेमकी तीच मोडायची आहे. साधा स्नॅफल (सौम्य, साधी बिट), गालावर चिमटणार नाही असा. लगामावर टेकायला काही मिळालंच नाही तर तो टेकणं सोडतो. सैलसर रनिंग मार्टिंगेल सुरुवातीला चालेल, स्वाराचं नाक वाचतं.

रिकीब
बाकी पटलं. एक गोष्ट राहिली, आणि चौखूर यांना सांगायलाच हवी: 'काम लगेच सुरू' म्हणणारे बहुतेक जण म्हणजे लंजिंग (लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवणं) लगेच सुरू करतात. दोरीवर वीस मीटरच्या आत भरधाव अर्धा तास. हे सगळ्यात वाईट. शर्यतीच्या घोड्याचे सांधे लांब वळणांना सरावलेले असतात. छोट्या वर्तुळात आतल्या बाजूचा भार शिरा आणि सांध्यांवर येतो, आणि दमवून शांत करायचा बेत असेल तर तो फसतोच. ज्याचा दमसास वर्षानुवर्षं वाढवलाय त्याला दोरीवर कोण दमवणार? रोज फक्त जास्त तंदुरुस्त होत जातो.

त्यापेक्षा लांब लगामांवर मागून चालवणं बरं. चालीत, सरळ रेषांत, नागमोडी. वळणं, थांबणं, मागे येणं सगळं तिथेच शिकतो आणि पाठीवर वजनही नाही. लंजिंग करायचंच तर पूर्ण लांब दोरी, एका हाताला पाच-सात मिनिटं, सगळी मिळून पंधरा, तेही चाल आणि दुडकीतच.

चौखूर
लंजिंग दमवायला नसतंच, बघायला असतं. कुठल्या हाताला आखूड पाऊल टाकतो, कुठे तोल जातो, ते पाठीवरून दिसत नाही.

रिकीब
बघायला पाच मिनिटं पुरतात. :)

नालबंद
पायांकडे कुणीच वळलं नाही अजून, म्हणजे खुराकडे.

शर्यतीचे नाल ॲल्युमिनियमचे, हलके, पातळ. खूर बहुतेक वेळा पुढे लांब, टाच खाली बसलेली, तळवा पातळ. असा खूर जमिनीवरून उठायला उशीर करतो आणि तो उशीर मागच्या शिरेवर ताण म्हणून जातो. चारही नाल एकाच दिवशी उपटून 'नैसर्गिक' करायला गेलात तर घोडा दुसऱ्या दिवशी खड्यांवर काचेवर चालल्यासारखा चालेल आणि तुम्ही आठवडाभर लंगडेपणा शोधत बसाल.

आधी मागचे काढा. इतर घोड्यांबरोबर सोडणार असाल तर ते काढायचेच, एका लाथेत दुसऱ्याचा पाय मोडू शकतो. पुढच्या पायांना हलके पोलादी नाल, मागे टाचेला नीट आधार देणारे, टोक थोडं गोलवून मागे आणलेलं, म्हणजे खूर लवकर उठतो. छाटणी दर ४ ते ६ आठवड्यांनी, थोडी थोडी. खूर महिन्याला ६ ते १० मिमी वाढतो. टोकाशी पूर्ण नवा खूर खाली यायला ९ ते १२ महिने. त्यामुळे एका भेटीत कोन सरळ करून द्या म्हणणाऱ्याला सांगा, होत नाही.

दुडकी
टाच खाली आहे म्हणून पाचर घातलेला नाल सुचवतात, तो?

नालबंद
डॉक्टरांनी शिरेसाठी थोड्या काळापुरता सांगितला तर ठीक. कायमचा नको. बसलेल्या टाचेवर आणखी भार येतो आणि ती आणखी चिरडते.

डॉ_तबेला
नालबंद यांच्याशी सहमत, एक भर. थोडक्या काळापुरतं सांगून कायमचं ठेवलेलं फार बघायला मिळतं, तेव्हा चिठ्ठीवर तारीख लिहून घ्या.

भटकभवानी
अवांतर: हे सगळं करून शेवटी हे घोडे खरंच काही करतात का? की फक्त रपेटीला? सगळे म्हणतात नाजूक, तापट, उडीला घोडा निराळाच लागतो.

आयाळ
टच ऑफ क्लास. थरोब्रेड (शर्यतीच्या जातीची) घोडी, आधी शर्यतीत पळलेली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला जो फार्गिसने तिच्यावर उड्यांचं वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णं घेतली. तिथे तिने ९१ अडथळ्यांपैकी ९० स्वच्छ पार केले. उंचीला काही अवाढव्य नव्हती. तेव्हा जातीला दोष देऊ नका.

अर्थात प्रत्येक घोडा ऑलिंपिकचा नसतो. लांब पल्ल्याचं पाऊल, धीट, श्वास चांगला असा असेल तर ईव्हेंटिंग (ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि उड्या अशी तिहेरी स्पर्धा). थोडा आखूड, चपळ, वळणात खाली बसणारा असेल तर पोलो. पाठ हलती आणि मन कामात राहणारा असेल तर ड्रेसाज. तंबूची खुंटी उपटण्याच्या खेळालाही नेतात, पण तिथे धोका ओळखून न्या: सरळ पट्टी, शेवटी भरधाव, शेजारी आरडाओरडा. त्याला शर्यतच वाटते. चालीत, दुडकीत, कँटरमध्ये ती पट्टी शंभरदा शांतपणे कापल्याशिवाय भाला हातात घ्यायचा नाही, आणि दर चार-पाच फेऱ्यांतली एकच वेगाची.

अडेलतट्टू
माझ्यासारख्या स्वारांसाठी चालणारा, थांबणारा आणि पुन्हा न चालणारा घोडा असेल तर कळवा.

मांड_पक्की
नाव बदला, नोंदणी लगेच होईल.

विनोद बाजूला, पण हे लिहायलाच हवं: नवशिक्यांच्या शाळेला शर्यतीतून थेट आलेला घोडा देऊ नका. हात स्थिर नाही, मांड पक्की नाही, तोल गेला की लगामाला लोंबकळतात. वर लिहिलेल्या चारही खुणा नवशिका रोज चुकून देत असतो. वर्ष-दीड वर्ष जाणत्या स्वाराखाली काढल्यावर काही घोडे शाळेतही उत्तम चालतात. काही कधीच नाही.

खरारा
खोगिराबद्दल कुणी सांगेल का? आणि कळप सोडून एकटा जायला तयार नसला तर?

रिकीब
खोगीर: उभार उंच आणि दोन्ही बाजूंना खळगे, हा ठराविक साचा. रुंद खोगीर खाली बसून उभारावर टेकतं, अरुंद खोगीर खांदे चिमटतं. स्वार बसलेला असताना उभारावर दोन-तीन बोटं जागा हवी. कामाने स्नायू भरले की आज बसणारं खोगीर दोन महिन्यांनी बसत नाही, म्हणून दर ६-८ आठवड्यांनी पुन्हा बघायचं. सुरुवातीला महागडं नवं खोगीर करून घेण्यापेक्षा थोडं रुंद घेऊन खाली भर घालणं शहाणपणाचं. तंग तीन हप्त्यांत: बांधताना, दहा पावलं चालवून, चढायच्या आधी. एका दमात आवळलं तर पाठ कमानीसारखी करणारे घोडे यात फार.

एकटं जाण्याबद्दल: आधी पायी, हातात धरून, कळप दिसेल इतक्याच अंतरावर. शांत असताना परत फिरायचं, अडून बसल्यावर नाही. रोज पाच-पंचवीस पावलं पुढे. तबेल्याकडे परतताना कायम चालीत, नाहीतर घराकडे तोंड म्हणजे अंतिम पट्टा असा त्याचा समज होतो.

दुडकी
कँटर कधी? एका हाताला लागतच नाही म्हणतात.

मांड_पक्की
शर्यतीची धाव कायम एकाच दिशेने झाली असेल तर एक बाजू भरलेली, एक आखडलेली असतेच. बघण्यासाठी चौकोनी उभा करून मागून, थोडं उंचावरून पाहा, पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात आणि खोगीरही एकीकडे सरकतं. कमकुवत हात आधी, थोडा वेळ, चांगला हात मग, पुन्हा कमकुवत. दोन्हीकडे वीस मीटरच्या खाली वर्तुळ पहिले तीन-चार महिने नको.

कँटर पहिल्या महिन्यात नकोच. जमिनीवर दांड्या टाकून दुडकी सुधारा: चालीसाठी ८०-९० सेंमी अंतर, दुडकीसाठी १.२ ते १.४ मीटर, या घोड्यांची पावलं लांब असतात म्हणून १.३ पासून बघा. सुरुवात एकाच दांडीने. चार दांड्या एकदम दिसल्या की हे एका झेपेत ओलांडायला बघतात. दुडकीत थांब-चल-थांब कान न टवकारता होऊ लागलं की वर्तुळावर, वळणात शिरताना कँटर मागायचा, सहा-आठ झेपा आणि परत दुडकी. वेग वाढला तर ओढू नका, वर्तुळ मोठं ठेवून तिथेच फिरत राहा, दुडकी तो स्वतःच देईल. सरळ लांब बाजूवर कँटर सगळ्यात शेवटी. चुकीचा पाय (आतल्याऐवजी बाहेरचा) पुढे पडला तर थांबवून शिक्षा नको, दुडकीत येऊन पुन्हा मागा. मैदानात दोन्ही पायांवर धावणारा घोडा वर्तुळात अडतो तो हट्टाने नव्हे, बसलेल्या स्वारासकट तोल धरता येत नाही म्हणून.

उडीसाठी दुडकीतून ४० सेंमीच्या फुलीपासून (दोन दांड्या एकमेकींवर तिरक्या) सुरुवात, समोर अडीच मीटरवर एक दांडी. आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस उड्यांवर नाही.

डॉ_तबेला
आता चौखूर यांच्या मूळ प्रश्नाकडे.

शर्यतीच्या सरावाने हाडात सूक्ष्म तडे पडतात आणि जोरकस काम थांबलं की शरीर ते भरून काढतं. या काळात हाड आधीपेक्षा सच्छिद्र असतं. म्हणूनच लांब विश्रांतीनंतर थेट वेगाच्या कामाला परतलेल्या घोड्यांत दंडाच्या हाडाचे ताणतडे सापडतात. म्हणजे दोन्ही बाजूंचं खरं: वेगापासून विश्रांती हवी, हालचालीपासून नको. चार महिने डब्यात (तबेल्यातल्या बंद खणात) उभा ठेवणं ही विश्रांती नाही. आणि कुरण नावाची अर्धा एकर चिखलाची जागा हेही कुरण नाही.

निरोगी घोड्यासाठी: पहिले दोन आठवडे चंदी उतरवणं, रोज दोनदा वीस-तीस मिनिटं हाताने चालवणं. कुरणाची सवयही याच काळात, पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं दोरीवर चारा, रोज पंधरा मिनिटं वाढवत. मग छोट्या कुंपणात, चाल करून दमल्यावर, पोट भरलेलं असताना, पायांना संरक्षक पट्ट्या बांधून, शेजारच्या कुंपणात एक म्हातारा शांत घोडा ठेवून. कुंपण रुंद पट्टीचं, डोळ्यांना दिसणारं, काटेरी तार मुळीच नको. दोन-तीन दिवसांत म्हाताऱ्याशी ओळख झाली की एकत्र. पुढचे सहा ते आठ आठवडे दिवसाचे जास्तीत जास्त तास बाहेर, आणि जमिनीवरचं शिकवणं रोज दहा-पंधरा मिनिटं. खोगीर त्यानंतर. पोटाचे व्रण असतील तर उपचार संपेपर्यंत तंग आवळूच नका.

चौखूर
म्हणजे कुरण आणि काम दोन्ही, फक्त खोगीर नाही. 'घड्याळ तुटू नये' हा माझा मुद्दा यात शाबूत आहे, असं मी मानतो. पण मोकळी जागाच नसेल तर? पुष्कळ तबेल्यांत नसते.

डॉ_तबेला
मग डब्यात उभं ठेवण्याऐवजी दुसऱ्या आठवड्यापासून खोगिराखाली चाल सुरू करा, व्रण नाहीत असं धरून. दिवसातून दोन-तीन वेळा बाहेर काढा, एकदा स्वाराखाली चाळीस मिनिटं चाल, एकदा हाताने चारा, एकदा रिंगणात मोकळा लोळायला. डब्यातून दुसरा घोडा दिसला पाहिजे, शक्य असेल तर जाळीतून नाकाला नाक लागलं पाहिजे. डोलणारे, लाकूड चावून हवा गिळणारे, डब्यात येरझाऱ्या घालणारे घोडे याने पूर्ण सुधारत नाहीत, कमी मात्र होतात. हवा गिळणाऱ्याच्या गळ्याला पट्टा आवळण्याआधी पोट तपासा.

खरारा
आणि घोडा खच्ची केलेला नसेल तर?

डॉ_तबेला
आधी खच्ची करा. जखम भरताना रोज चालवायचं, नाहीतर सूज उतरत नाही. शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे माद्यांपासून वेगळा, तेवढ्या काळात घोडी गाभण राहू शकते. वागणं बदलायला काही महिने लागतात, जुनी सवय असेल तर थोडी उरतेही.

दुडकी
शेवटचं: चढायचं कायम डावीकडूनच का? दोन्हीकडून शिकवलं तर गोंधळतो का?

मांड_पक्की
गोंधळत नाही, फक्त उजवीकडे पुन्हा पहिल्या पायरीपासून शिकवावं लागतं. शिकवाच. कायम एकाच बाजूने चढल्याने उभार आणि खोगिराचा सांगाडा दोन्ही एकीकडे ओढले जातात. ठोकळा उंच घ्या, रिकिबीवर वजन कमी पडतं.